पंख मिटलेली विमानं

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नीलिमाला, म्हणजे माझ्या बायकोलाही ती ठाऊक नाही, आणि तिला मी ऑफिसातल्या कुरबुरींपासून दाढदुखीपर्यंत सगळं सांगत असतो. मग तुम्हालाच का सांगतोय? कळत नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. कदाचित तुम्ही समोर बसून "जाऊ दे रे, एवढं काय त्यात" असं म्हणू शकणार नाही म्हणून. तसं म्हणणारी माणसं माझ्याकडे पुष्कळ आहेत आणि मी त्यांचं लगेच ऐकतो, हीच पंचाईत आहे.

गोष्ट एका जहाजाची आहे. खरं तर जहाजाच्या खेळण्याची. नाही, खेळणं म्हटलं तर डेस्मंड चिडेल. मॉडेलची.

मी मूळचा पुण्याचा. आता सिंगापुरात, वन-नॉर्थला एका कंपनीत सॉफ्टवेअर करणाऱ्यांना सांभाळतो. दिवसभर मीटिंगा, हाताने काही म्हणून करायचं नाही. त्यामुळेच की काय, चाळिशीत मला प्लॅस्टिकची छोटी विमानं जोडायचा नाद लागला. नीलिमा त्यांना "तुझी चिल्लीपिल्ली" म्हणते. त्या नादातूनच डेस्मंड भेटला. तोआ पायोहला त्याचा जुना फ्लॅट होता. शनिवारी दुपारी त्याच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून आम्ही बसायचो. तो जहाजं करायचा, मी विमानं. आमचं जमलं, कारण काम करताना दोघंही गप्प बसणारे.

खिडकीजवळच्या खुर्चीत त्याची आई असायची. ग्लॅडिस आंटी. जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. हे युरेशियन कुटुंब. पूर्वजांत पोर्तुगीज, डच, मलाय, सगळंच थोडं थोडं. आंटी मला "बॉय" म्हणायच्या. माझे कानावरचे केस पांढरे झाले होते, तरी बॉयच. वाक्याच्या शेवटी इथल्या रीतीने "लाह" जोडायच्या, आपल्या "ना"सारखं. मी गेलो की पहिला प्रश्न, "बॉय, जेवलास?" आणि दुसरा, "आज तरी विमानाचं चाक नीट बसणार का?" माझं एक चाक नेहमी वाकडं बसायचं. त्यांच्या नजरेतून ते सुटत नसे.

आता मॉडेल करणाऱ्या आमच्या लोकांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. जहाज करायचं म्हणजे नुसतं जहाज करायचं नसतं. आधी दिवस ठरवायचा असतो. जहाज काही जन्मभर एकसारखं राहत नाही. रंग बदलतो, तोफा वाढतात, डेकवर आज एक असतं, उद्या दुसरं. म्हणून आमच्यात पहिल्यांदा विचारतात, कोणत्या दिवसाचं? आणि दिवस एकदा ठरला की त्या दिवशी जे नव्हतं ते मॉडेलवर ठेवायचं नाही. आम्हा मॉडेलवाल्यांची नीतिमत्ता काय ती एवढीच. पण ती फार कडक.

डेस्मंडने ठरवलेला दिवस त्याचे आजोबा परत आले तो होता.

आजोबा म्हणजे आंटींचे वडील. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांनी त्यांना कैद केलं आणि समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटावर कामाला नेलं. युद्ध संपल्यावर काही आठवड्यांनी एक ब्रिटिश विमानवाहू जहाज इथल्या बंदरात आलं, त्यातून ते परतले. अशा जहाजांना एस्कॉर्ट कॅरियर म्हणतात. मोठ्या विमानवाहू नौकांची ही धाकटी, गरीब भावंडं. बांधायला घेतलेल्या मालवाहू बोटीवरच सपाट डेक ठोकायचा आणि तिला लढाईवर धाडायचं. जहाजाचं नाव मी सांगत नाही. त्याचा यात काही दोष नाही.

वडील परत आले आणि काही महिन्यांतच गेले. त्यामुळे आंटींकडे त्यांची अशी स्वच्छ आठवण एकच होती, बंदरातली. त्या तेव्हा सातआठ वर्षांच्या. डेस्मंडच्या मनात आलं, आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्या दिवसाचं ते जहाज तिच्या हातात द्यायचं. जहाज तो करणार. विमानं मी. आणि जहाजाचा इतिहासही मीच शोधायचा, कारण मी "कॉम्प्युटरवाला".

मी शोधला. हौसेने शोधला. जहाज अमेरिकेत बांधलं, ब्रिटिशांना वापरायला दिलं. आधी अटलांटिकमध्ये व्यापारी ताफ्यांची राखण, मग विमानांची ने-आण, मग हिंदी महासागर. मला सापडलेल्या सगळ्या माहितीत त्या सुमारास डेकवर विमानं होती. पंख मिटून ओळीने उभी केलेली. म्हटलं, झालं तर. आणि मी कामाला लागलो.

मिटलेले पंख फार छळतात. विमान केवढं, तर अंगठ्याच्या वरच्या पेराएवढं. त्याचे पंख कापायचे, मागे वळवायचे, सांध्याच्या जागी केसासारखी तार बसवायची, आणि हे डेकभर पुरतील इतक्या विमानांचं. माझी मान धरली, चष्म्याचा नंबर वाढला. वर्ष गेलं त्यात. आयुष्यात इतकं नीट मी दुसरं काहीही केलेलं नाही. मुलाच्या शाळेचा अर्जही नाही.

विमानं जवळजवळ पुरी झाली तेव्हाची एक दुपार. आंटी खुर्चीतून उठून टेबलाशी आल्या. एक विमान त्यांनी तळहातावर घेतलं, चाक तपासलं, आणि म्हणाल्या, "छान आहे, बॉय. पण ही कुठे ठेवणार?"

"डेकवर, आंटी."

"डेकवर विमानं नव्हती लाह. डेकवर माणसं होती."

मग त्यांनी सांगितलं. डेकवर खाटाच खाटा होत्या. हडकुळी माणसं पडलेली, काही बसलेली. आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोऱ्या, त्यांवर वाळत घातलेले कपडे. धक्क्यावरून सगळे चेहरे एकसारखे दिसत होते. आई त्यांना उचलून दाखवत होती, पण बाबा कुठले ते कळेना. तेवढ्यात एक दोरी हलायला लागली. नुसती हलली नाही, कुणीतरी गदागदा हलवत होतं आणि तिच्यावरचे सगळे शर्ट नाचत होते. "घरीही पपा असंच करायचे," आंटी म्हणाल्या. "मी रडायला लागले की अंगणातली दोरी हलवायचे. मी ओळखलं. आईच्या आधी मी ओळखलं."

डेस्मंडने ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. पण त्यात विमानं आहेत की नाहीत याच्याकडे त्याने कधी लक्ष दिलं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "एकदा बघशील? नक्की काय ते?"

मी बघतो म्हणालो. हसत म्हणालो. ऐंशीला टेकलेल्या बाई, सात वर्षांच्या असतानाची आठवण—तुम्ही हसला नसता? माहीत नाही. कदाचित तुम्ही नसता हसला.

मी इकडेतिकडे विचारणा केली. आणि काही दिवसांनी इंग्लंडमधल्या एका बाईंची ईमेल आली. त्यांचे आजोबा त्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये होते. सोबत एक फोटो. सिंगापूरचं बंदर. तेच जहाज, तोच महिना. विमानं आधीच सिलोनला उतरवली होती, असं बाईंनी लिहिलं होतं, सुटलेल्या कैद्यांना जागा व्हावी म्हणून.

डेकवर खाटा होत्या. माणसं होती. दोऱ्या होत्या. दोऱ्यांवर कपडे.

मी ऑफिसात होतो. फोटो बंद केला आणि मीटिंगला गेलो. मीटिंगमध्ये मी चांगला बोललो, एवढं आठवतं.

आता इथे मी अडखळतो, कारण पुढचं कसं झालं ते मला इतक्या वर्षांतही नीट जुळवता आलेलं नाही. मी ठरवलं होतं का? शनिवारी डेस्मंडकडे जाताना फोटो फोनमध्ये होता. दाखवायचाच होता—असं मला वाटतं. आम्ही खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कॉफी घ्यायला बसलो. तो म्हणाला, "काय मग? आई म्हणते ते खरं का?" आणि माझ्या डोळ्यांसमोर कोण आलं असेल? आंटी नाहीत. त्यांचे वडील नाहीत. माझी विमानं आली. खोक्यात कापसावर ठेवलेली, पंख मिटलेली, माझी चिल्लीपिल्ली. ती डेकवर गेली नाहीत तर त्यांचं काय करायचं? कुणाला दाखवायची? आणि ती माणसं, त्या खाटा, ते सूक्ष्म शर्ट—ते करणार कोण?

मी म्हणालो, "बघितलं. विमानंच होती. आंटी लहान होत्या ना, कुठल्यातरी दुसऱ्या जहाजाशी गल्लत होत असेल."

"वाटलंच मला," तो म्हणाला, आणि कॉफी संपवली.

एवढंच. एवढं सोपं गेलं ते.

वाढदिवसाला फ्लॅट माणसांनी भरला होता. आयरीनने, डेस्मंडच्या बायकोने, त्यांच्याकडचा सुजी केक केला होता. रवा आणि बदाम, नीलिमाला तो आपल्या रव्याच्या केकपेक्षा जास्त आवडतो. काचेच्या पेटीवरचं कापड काढलं. जहाज सुंदर झालं होतं, हे मला आजही म्हणावं लागतं. डेकवर माझी विमानं शिस्तीत उभी. टाळ्या पडल्या. आंटी वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माणसं कुठेत?"

"मा," डेस्मंड समजुतीने म्हणाला, "त्याने सगळं तपासलंय. रेकॉर्डच आहे तसं."

आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इथेही जागा होती हो मागे फिरायला. गंमत म्हणून सुद्धा फिरता आलं असतं. मी काय केलं? मी भाषण केलं. जहाजाचा आख्खा इतिहास सांगितला. कुठे बांधलं, कुठले ताफे राखले, कुठली वादळं सोसली, सिंगापूरनंतर ते अमेरिकेला कसं परत गेलं, डेक उखडून त्याची पुन्हा मालवाहू बोट कशी झाली, नवं नाव घेऊन कॉफीची पोती वाहता वाहता शेवटी भंगारात कसं निघालं. लोक तोंडात बोट घालून ऐकत होते. एक नात म्हणाली, "आ-मा, हे बघ, अंकलला सगळं माहितीये लाह." नात आयरीनकडून अर्धी चिनी, म्हणून आजीला आ-मा.

आंटी मला अडवू शकल्या असत्या. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाला त्यांनी कधी सोडलं नसेल. पण त्या माझ्याकडे बघत राहिल्या, रागाने नाही, जणू काही आठवायचा प्रयत्न करत. मग त्यांनी केक कापला.

त्यानंतर त्या घरात आंटी काही बोलल्या की एक शंकेचा सूर लागायचा. त्यांचा नाही, ऐकणाऱ्यांचा. त्या म्हणाल्या की औषध घेतलंय, तर आयरीन डबी उघडून बघायची. त्या म्हणाल्या की शेजारीण येऊन गेली, तर डेस्मंड शेजारणीला विचारायचा. एकदा त्या गॅसवर भांडं विसरल्या. आमच्या घरी नीलिमा दर पंधरवड्याला दूध उतू घालवते, तिला कुणी काही म्हणत नाही. आंटींच्या हातून गॅस गेला. मग घराची किल्ली गेली. बाजारात एकटं जाणं गेलं. डॉक्टरकडे जाऊन आल्यावर डेस्मंड मला सांगत होता, "मी डॉक्टरांना पहिलं ते जहाजाचंच सांगितलं. ती जे इतक्या खात्रीने सांगते ना, ते घडलेलंच नसतं."

मी मान हलवली. मी म्हणालो, "कठीण आहे रे."

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी बोलायचंस. हो. पण तेव्हा बोलायचं म्हणजे आधीचं सगळं बोलायचं. जितके दिवस जात होते तितकं ते वजन वाढत होतं. आणि दुसरं म्हणजे—हे मी मनाशी पुष्कळदा घोळवलंय—आंटी खरोखरच विसरत नव्हत्या का? मला दोनदा त्यांनी दुसऱ्याच नावाने हाक मारली. एकदा चप्पल फ्रिजमध्ये निघाली. हे काही मी रचलेलं नाही. त्या विसरायला लागल्या म्हणून त्यांचा शब्द गेला, की शब्द गेला म्हणून त्या विसरायला लागल्या? माणसाचं कुणीच ऐकेनासं झालं तर ते माणूस स्वतःचं तरी किती दिवस ऐकत राहील? मला खरंच कळत नाही. एखाद्या दिवशी वाटतं, माझा काही संबंध नाही, ते होणारच होतं. दुसऱ्या दिवशी दात घासताना आरशात बघवत नाही.

त्यांना पासिर रिसच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. डेस्मंड वाईट मुलगा नाही, हे लक्षात ठेवा. तो दर रविवारी जायचा आणि परतताना बसस्टॉपवर बराच वेळ नुसता बसून राहायचा, असं आयरीनने सांगितलं. आईला घराबाहेर काढलं याचा त्याला अजून त्रास होतो. तो त्रासही मीच त्याच्या गळ्यात घातलाय की काय, कोण जाणे.

आंटी जाऊन आता काही वर्षं झाली. डेस्मंडने तो फ्लॅट विकून लहान घर घेतलं तेव्हा ते मॉडेल मला आणून दिलं. "त्यातला निम्मा जीव तुझा आहे," म्हणाला. ते आमच्या हॉलमध्ये आहे. गणपतीला लोक येतात, पेटीपुढे थांबतात, विचारतात. मी सांगतो. अजूनही तोच इतिहास सांगतो, अटलांटिकपासून भंगारापर्यंत. सिंगापूर आलं की थोडं भरभर सांगतो. फोटोही आहे माझ्याकडे. तो मी किती वेळा मोठा करून पाहिला असेन. एका दोरीजवळ काही माणसं उभी आहेत, हात वर असलेली. त्यांतलं कोण दोरी हलवतंय? फोटोत दोरी हलत नाही. कसं कळणार?

इथे मी थांबलो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, सांगून झालं. मलाही तसंच वाटलं असतं. पण एक राहिलंय, आणि खरं तर तेवढंच सांगायचं होतं.

आंटी जायच्या काही महिने आधी मी एकटाच त्यांना भेटायला गेलो. डेस्मंड परदेशी गेला होता, त्याने विनंती केली म्हणून. फोटो फोनमध्ये होता. या वेळी मी खरोखर ठरवून गेलो होतो, हे शपथेवर सांगतो, त्याला काही किंमत असेल तर. म्हटलं, दुसऱ्या कुणाला नाही तर निदान त्यांना दाखवू. त्यांचं त्यांना परत देऊ.

त्या व्हरांड्यात बसल्या होत्या. छान दिसत होत्या. केस विंचरलेले, अंगावर निळा झगा. मला ओळखलं. "बॉय, जेवलास?" मी हो म्हणालो. समोर कुंपणापलीकडे कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. वारा होता, त्या हलत होत्या. मला वाटलं, हीच वेळ. मी विचारलं, "आंटी, ते जहाज आठवतं?"

त्यांचा चेहरा उजळला. आठवतं म्हणजे काय! त्यांनी सांगायला सुरुवात केली. धक्का, गर्दी, आईने उचलून घेतलेलं. आणि डेकवर विमानं. ओळीने उभी, पंख मिटून, इतकी नीट, इतकी सुंदर. हाताने त्यांनी पंख मिटून दाखवले. सांधाही दाखवला, मी तार बसवली होती तिथेच.

मी म्हणालो, "आणि पपा? पपा दोरी हलवत होते ना?"

मग त्यांनी समजुतीने माझ्या हातावर हात ठेवला. न समजणाऱ्या मुलाला समजावतात तसा आवाज.

"पपा त्या जहाजावर नव्हते लाह. कसे असतील? जागा कुठे होती? सगळी विमानंच तर होती." मग माझा हात थोपटून म्हणाल्या, "मी उगाच तुझ्याशी वाद घातला तेव्हा. यू वर राइट, बॉय."

फोन माझ्या खिशात होता. चादरी हलत होत्या. त्या तिकडे बघतसुद्धा नव्हत्या.

मी थँक यू म्हणालो.